लेक पायलट, बाप मागच्या सीटवर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ६१ वर्षांचा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. एकुलती एक लेक आणि जावई शिकागोजवळ असतात. लेकीनं दोन वर्षांपूर्वी छोटं विमान चालवायचं लायसन्स काढलं. येत्या जुलैत ऑशकॉशच्या विमानमेळ्याला भाड्याच्या सेस्ना १७२ मधून आम्हा चौघांना घेऊन जायचं, मेळ्यातच उतरायचं आणि विमानाशेजारी तंबू टाकून चार रात्री राहायचं, असा तिचा बेत आहे. लहानपणी उजळाईवाडीच्या कुंपणाला नाक लावून मी विमानाची वाट बघायचो, त्यामुळे आनंदानं झोप लागत नाही. पण आमची मंडळी, म्हणजे सौ., म्हणतात, “तुम्ही बापलेक काय ते जावा, मला मध्ये घेऊ नका.” पाहुणेरावळे म्हणतात, पोरीच्या हातात जीव द्यायचा का? लेकीला शंका विचाराव्या तर तिचा अपमान, न विचाराव्या तर ही तयार होत नाही. गाडीनं जायला जावई तयार आहेत, पण मग त्यात मजा काय? उतरल्या उतरल्या लेकीला फेटा बांधून फोटो काढायचं मी ठरवलंय. मंडळींना कसं तयार करावं?

नमस्कार.

तुम्ही एका गाठोड्यात तीन गोष्टी बांधल्यात. लेकीनं चालवलेल्या विमानात बसायचं, ही एक. ऑशकॉशचा मेळा बघायचा, ही दुसरी. आणि मेळा ऐन भरात असताना त्या गर्दीत विमानानंच उतरून तिथंच मुक्काम ठोकायचा, ही तिसरी. तिन्ही एकाच दमात झाल्या तरच खरं, हे कुणी ठरवलं? वहिनी नाही म्हणतायत ते यातल्या नेमक्या कशाला, हे तुम्ही त्यांना विचारलंय असं पत्रात कुठं दिसलं नाही. “कसं तयार करावं” असं मात्र विचारलंय. तयार करण्याआधी जरा विचारून बघूया.

आधी इतर वाचकांसाठी दोन शब्द. ऑशकॉश हे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातलं, विन्नेबागो तलावाकाठचं गाव. घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींची एक संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत काढली. तिचा मेळा १९७० पासून, करोनाचं २०२० साल सोडलं तर, दरवर्षी ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर भरतो. जुलैच्या शेवटाकडचा सोमवार ते रविवार असा हा आठवडा. सहा-सात लाख माणसं येतात. ऑशकॉश आणि आजूबाजूचे विमानतळ धरून दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात. हजारो लोक विमान गवतावर उभं करतात आणि पंखाशेजारी तंबू ठोकून राहतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगरावर दाटी होते तशी ही दाटी, फक्त घाटातली रांग इथं आकाशात लागते.

आणि ही रांग समजून घेतल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. रिपन नावाच्या गावावर विमानं एकामागे एक लागतात आणि खालच्या रेल्वे रुळांवरून फिस्क नावाच्या चिमुकल्या वस्तीकडे निघतात. वेग ९० नॉट, म्हणजे ताशी साधारण १६७ किलोमीटर. पुढच्या विमानापासून अंतर अर्धा मैल. उंची समुद्रसपाटीपासून १,८०० फूट. आपलं कोल्हापूर शहर साधारण एवढ्याच उंचीवर वसलंय. तिथली जमीन मात्र खाली असल्यामुळे विमान जमिनीपासून हजारेक फूट वर राहतं. वेगवान विमानांची रांग वेगळी, २,३०० फुटांवर, १३५ नॉटची. फिस्कला गुलाबी शर्ट घातलेले कंट्रोलर, म्हणजे विमानांची वाहतूक सांभाळणारे, जमिनीवर दुर्बिणी घेऊन बसलेले असतात. नंबर विचारत बसायला तिथं कुणाला सवड नसते. रंग आणि बांधा बघून हाक मारतात: पांढरी सेस्ना, पंख हलव. पायलटनं रेडिओवर उत्तर द्यायचं नसतं, पंख डावी-उजवीकडे झुलवायचे, झालं. मग कुठल्या धावपट्टीकडे वळायचं ते सांगतात. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके काढलेले असतात. कंट्रोलर सांगेल त्या ठिपक्यावर चाक टेकवायचं, कारण त्याच पट्टीवर मागच्या ठिपक्यावर दुसरं विमान उतरत असतं.

पुढच्याला ओलांडायचं नाही. अंतर कमी पडलं तर नागमोडी वळणं घेत वेळ काढायचा नाही. रांग सोडून वळसा घालून पुन्हा सुरुवातीला येऊन लागायचं. गर्दीच्या दिवशी तळ्यांभोवती घिरट्या घालत ताटकळावं लागतं, आणि आत जागा संपली तर दुसरीकडे उतरावं लागतं. हे सगळं दरवर्षी मेळ्याआधी निघणाऱ्या सूचनापत्रकात तपशिलानं छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय आणि छापील प्रत हाताशी ठेवल्याशिवाय तिकडे फिरकायचं नाही, असा तिथला दंडक आहे.

म्हणजे पाहुण्यांची शंका चुकीच्या जागी आहे. पोरगी की पोरगा, याला इथं काडीचा अर्थ नाही. सरला ठकराल यांनी आपल्या देशात १९३६ साली लायसन्स काढलं होतं, हे पाहुण्यांना सांगून तो विषय मिटवा. शंका घ्यायचीच तर ती सरावाची घ्या. दोन वर्षांचं लायसन्स म्हणजे दोन वर्षांचा सराव नव्हे. तिकडच्या नियमाप्रमाणे प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली लागतात. ती झाली की ही अट पुरी होते. फिस्कच्या रांगेत शिरण्यासाठी मात्र ९० नॉटचा वेग आणि ठरलेली उंची डोळे मिटून सांभाळता येईल इतका हात बसलेला हवा, आणि दिलेल्या ठिपक्यावर विमान टेकवायची सवय हवी.

आता हे लेकीला विचारलं तर तिचा अपमान होईल, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या शॉपवर नवीन गिऱ्हाईक आलं आणि त्यानं विचारलं, हा जॉब किती मायक्रॉनमध्ये बसेल, तर तुम्हाला राग येतो का? उलट बरं वाटतं, समोरच्याला कळतंय म्हणून. पायलटचंही तसंच. “तुला जमेल का गं?” असं विचाराल तर ती दुखावेल. “या महिन्यात किती तास उडालीस? फिस्कची वाट आधी कुणाबरोबर केलीस का? क्लबनं त्यांचं विमान मेळ्यात न्यायला लेखी परवानगी दिली का?” असं विचाराल तर ती तासभर बोलेल. ती परवानगी ही नुसती औपचारिकता समजू नका. विमान भाड्यानं देणारे क्लब अशा गर्दीत उतरायला किंवा वादळी हवेत उघड्यावर रात्रभर ठेवायला विम्याच्या कारणानं नाही म्हणू शकतात. आधी विचारलेलं बरं.

आणखी एक विचारायचं: तुझ्या शेजारी कोण बसणार? तुमच्या पत्राचा सूर असा आहे की पुढची उजवी सीट तुमचीच. मी म्हणेन, ती सीट सोडा. ही वाट आधी केलेला एखादा पायलट तिच्या शेजारी बसावा. एकानं विमान उडवायचं, दुसऱ्यानं पत्रक, रेडिओ आणि आजूबाजूची विमानं बघायची. तुम्ही मागं. मागून खिडकी मिळते, आणि सेस्ना १७२ चा पंख डोक्यावर असल्यामुळे खालचं सगळं नीट दिसतं. रिपनच्या पुढं तोंड बंद. फोटो काढा, पण “ते बघ, ते बघ” नको. बोलायचं ते एवढंच: दुसरं विमान जवळ दिसलं तर घड्याळाचा आकडा सांगायचा. नाकासमोर बारा, डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. “दहाच्या दिशेला, आपल्याच उंचीवर, पिवळं.” मागे बसलेल्या माणसाची खरी मदत ती हीच.

पण मागे बसणार किती जण? इथं तुमचा बेत हिशेबातच अडतो. तुम्ही यंत्राचे माणूस, पाटी-पेन्सिल घ्या. जुन्या पद्धतीच्या १७२ चं उड्डाणाला चालणारं एकूण वजन १,०४३ किलो. रिकामं विमान ६७० किलोच्या आसपास. नेमका आकडा प्रत्येक विमानाच्या कागदात असतो. टाक्या पूर्ण भरल्या तर १०९ किलो इंधन. उरले साधारण २६० किलो. त्यात माणसं आणि सामान दोन्ही आलं, आणि मागच्या सामानाच्या कप्प्याची मर्यादा ५४ किलो. तुमच्या पत्रात वजनं नाहीत, पण चार धडधाकट माणसं म्हणजे २८० किलो सहज होतात. तंबू, गाद्या, खुर्च्या, दोरखंड अजून जमिनीवरच आहेत. शेजारी पायलट घ्यायचा म्हटलं तर माणसं पाच, सीटा चार. नवीन मॉडेलला एकूण वजनाची मुभा जास्त आहे, पण ते स्वतःही जड असतं आणि टाक्याही मोठ्या. शिकागोहून वाट दीडेक तासाची, म्हणून टाक्या थोड्या कमी भरू, असं जावई सुचवतील. पण ज्या वाटेवर तासभर घिरट्या घालाव्या लागू शकतात, तिथं हातचं राखायचं ते इंधनच. शिवाय जुलैच्या उन्हात हवा विरळ होते आणि तेच विमान तेवढंच वजन उचलायला लांब धावतं.

तेव्हा चौघं तंबूसकट एका १७२ मध्ये, हा बेत सोडा. तो वहिनींच्या नाही म्हणण्यामुळे फिसकटत नाही, काट्यावरच फिसकटतो. हे त्यांना जरूर सांगा, कारण घरातला आनंद आपल्यामुळे मोडतोय असं त्यांना वाटत असणार.

वहिनींकडे येऊ. “मला मध्ये घेऊ नका” हे वाक्य मी तीनदा वाचलं. भीती वाटणाऱ्या बाईचं हे वाक्य वाटत नाही मला. तुमचं दोघांचं सगळं ठरलंय आणि आपल्याकडून फक्त होकार हवाय, हे ज्या बाईला कळलंय तिचं हे वाक्य आहे. कदाचित त्यांना रात्री दोनदा उठावं लागत असेल आणि ओल्या गवतातून टॉर्च घेऊन तात्पुरत्या संडासापर्यंत जायचं हे नको असेल. कदाचित जमिनीवरून उठताना गुडघे धरत असतील. कदाचित लेक विमान चालवतेय हे त्यांना बघवत नसेल, आणि ते तिच्यासमोर बोलायचं नसेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा. म्हणून म्हणते, विचारा. आणि विचारताना अपघाताचा विषय झाकू नका. छोटं खासगी विमान हे तिकीट काढून बसायच्या मोठ्या विमानाइतकं सुरक्षित नसतं. कुणी छातीठोकपणे तसं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. खुद्द ऑशकॉशला २०२३ च्या मेळ्यात एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या अपघातांत चार जण गेले. हे त्यांनी मोबाईलवर केव्हाच वाचलेलं असणार. तुम्ही लपवलंत तर तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास जाईल.

मग वाटा कुठल्या? मला स्वतःला जी पटते ती अशी. ऑशकॉशच्या आधी, एखाद्या शांत सकाळी, लेकीच्या नेहमीच्या विमानतळावरून अर्धा तास फिरून या. वारा नसताना, ऊन चढायच्या आत. वहिनींना आधी नुसतं विमानाजवळ न्या, बसून बघू द्या, दार आतून कसं उघडतं ते दाखवा. उडायचं की नाही ते त्यांनी तिथं ठरवावं. लेकीनं चालवलेल्या विमानात बसायचं स्वप्न इथं पुरं होतं, तेही तिचं सगळं लक्ष तुमच्याकडे असताना. फिस्कच्या रांगेत तिला तुमच्याकडे वळून बघायलाही फुरसत नसेल.

मेळ्याला जावई आणि वहिनी गाडीनं, सगळं सामान घेऊन. शिकागोहून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, तीन तासांचा रस्ता. गाडीनं येणाऱ्यांसाठी कॅम्प शॉलर नावाची मोठी तंबूनगरी आहे. तंबूच नको असेल तर मेळ्याच्या आठवड्यात तिथल्या विद्यापीठाच्या वसतिगृहात खोल्या भाड्यानं मिळतात. पलंग, छप्पर आणि शेजारी न्हाणीघर. हॉटेलं मात्र वर्षभर आधी भरतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. तुम्ही, लेक आणि तिच्या शेजारी जाणता पायलट असे तिघं विमानानं. पंखाखाली झोपायची तुमची हौस आहे ना? मग एक-दोन रात्री बापलेक विमानाशेजारी झोपा, बाकीच्या रात्री सगळे एकत्र.

जाणता पायलट मिळाला नाही, किंवा लेकीलाच फिस्कची धास्ती वाटली, तरी विमान घरी ठेवायला नको. उत्तरेला ॲपलटन आणि दक्षिणेला फाँड डू लॅक हे विमानतळ जवळच आहेत. तिथं शिस्तीत, ओळखीच्या पद्धतीनं उतरायचं आणि पुढचे वीस-तीस किलोमीटर जावयांच्या गाडीत. पंखाशेजारी तंबू टाकायची सोय तिथंही केलेली असते. रात्री तिथं शांतता जास्त असेल, हा वरचा फायदा.

“गाडीनं गेलो तर मजा काय?” याचं उत्तर तुमच्याच धंद्यात आहे. ऑशकॉश म्हणजे नुसत्या आकाशातल्या कसरती नव्हेत. हा मेळा मुळात घरी विमान बांधणाऱ्यांचा. तिथं तंबूतंबूतून पत्राकाम, गॅस वेल्डिंग, पंखावर कापड चढवणं, फायबरचं काम शिकवतात, आणि तुमच्या हातात हत्यार देऊन करायला लावतात. आयुष्यभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला त्या मांडवातून उठवायला चौथ्या दिवशी माणूस पाठवावा लागेल. आणि तुम्ही विमानानं आलात की गाडीनं, हे तिथं कुणी विचारत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात लेकीच्या हाताबद्दल शंका आहे, ती विचारावी की नाही याचीही आहे. स्वतःबद्दल एकही नाही. छोट्या विमानांच्या अपघातांत यंत्र बिघडण्यापेक्षा पायलटचा निर्णय चुकल्याची उदाहरणं कितीतरी जास्त असतात, आणि त्या निर्णयामागे पुष्कळदा “आज पोहोचायचंच” हा हट्ट असतो. आता बघा. सकाळचे सात. क्लबच्या खोलीत लेक हवामानाचा नकाशा उघडून बसलीय. उत्तरेकडे ढग खाली आलेत, दुपारी गडगडाटाचा इशारा आहे. तिच्या मागे तुम्ही उभे, कॅमेरा गळ्यात, फेटा पिशवीत. कोल्हापूरहून व्हिसा, तिकिटं, रजा, सगळं याच दिवसासाठी. तुम्ही चकार शब्द बोलणार नाही, मला माहीत आहे. बोलायची गरजच नाही. तिला तुमचा चेहरा काचेत दिसतोय.

त्या खोलीत तिच्यावरचा सगळ्यात मोठा दाब तुम्ही असाल. वाईट वाटून घेऊ नका, पण गुडघ्याला बाशिंग बांधलेला बाप हा पायलटसाठी खराब हवेपेक्षा अवघड प्रवासी. हवेला ती नाही म्हणू शकते.

तो दाब काढायचं काम तिचं नाही, तुमचं आहे, आणि ते कोल्हापुरातूनच करायचं. फोनवर स्पष्ट सांगा: आम्ही तुला भेटायला येतोय, मेळा बघायला येतोय, विमानानं गेलो तर गेलो. नुसतं सांगून भागत नाही, बेतही तसा हवा. मेळ्याच्या आधी-नंतर दोन दिवस मोकळे ठेवा. परतीचं तिकीट मेळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका, कारण परत येतानाही हवा आडवी येऊ शकते आणि तेव्हा हट्ट जास्त होतो. जावयांच्या गाडीत चार माणसांची जागा राहू द्या, म्हणजे विमान रद्द झालं तर रडारड न होता सगळे गाडीत. आदल्या शनिवार-रविवारी विमानांची झुंबड असते, ते दोन दिवस टाळून मधल्या एखाद्या दिवशी सकाळी लवकर निघा. दुपारी कसरतींच्या वेळी आणि रात्री विमानतळ उतरणाऱ्यांसाठी बंद असतो, म्हणजे उशीर झाला तर तेही एक ओझं.

आणि एक नियम: त्या सकाळी चौघांपैकी कुणीही नाही म्हणालं की विषय संपला. कारण विचारायचं नाही. त्याच दिवशी नाही आणि नंतरही नाही. परत आल्यावर गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन “आमच्या पोरीनं ऐनवेळी कच खाल्ली” असं गमतीनंही सांगायचं नाही. लेकीच्या कानावर ते पुण्यामार्गे पोचतंच.

पैशाचंही एक. “पेट्रोल सगळं माझ्याकडून” असं तुम्ही म्हणणार. तिकडच्या नियमात खासगी लायसन्सच्या पायलटला आपल्या वाट्याचा खर्च स्वतः भरावाच लागतो, प्रवाशांकडून सगळा घेता येत नाही. तिघं गेलात तर एक वाटा तिचा. तिला जेवायला घाला.

मुक्कामाचं आता भराभर सांगते. उतरल्यावर विमान कुठं लावायचं ते स्कूटरवरचे आणि हातात झेंडे घेतलेले स्वयंसेवक दाखवतात. मुक्काम करणाऱ्यांनी काचेत “जीएसी” अशी मोठी अक्षरं लिहिलेला कागद लावायचा, नुसतं उभं करणाऱ्यांनी “जीएपी”. तो आधीच घरी लिहून ठेवा, उतरल्यावर पेन शोधू नका. विमान बांधायचे खुंटे आणि दोर आपलेच न्यावे लागतात. दोन्ही पंख आणि शेपूट, तीन ठिकाणी, आणि ते तंबूच्या आधी. विस्कॉन्सिनमध्ये जुलैतलं वादळ सांगून येत नाही. तंबूचा दोर विमानाला बांधू नये. तुम्ही ते खुंटे उद्यमनगरात स्वतः बनवून न्याल याची मला खात्री आहे, पण नका नेऊ. पोलादाचे टोकदार खुंटे कोल्हापूर ते शिकागो वाहून न्यायचे, दर ठिकाणी बॅग उघडून दाखवायची, आणि शेवटी त्याच २६० किलोंत ते बसवायचे. तिकडे मिळतात.

१७२ चा पंख वर असला तरी त्याच्या मागच्या झडपेची धार बरोबर कपाळाच्या उंचीला येते. पहाटे अर्धवट झोपेत तंबूतून बाहेर पडणारा माणूस तिथं हमखास आपटतो. तिथं रंगीत फडकं बांधून ठेवा. प्रोपेलरजवळून मात्र थांबलेला असला तरी जायचं नाही, हात लावायचा नाही. पंखात पेट्रोल असतं, तेव्हा पंखाखाली स्टोव्ह, उदबत्ती, काही पेटवायचं नाही. बंगळूरच्या एअरो इंडिया या विमानप्रदर्शनात २०१९ साली पार्किंगच्या सुक्या गवतात आग पसरून तीनशेच्या आसपास गाड्या जळाल्या होत्या. गवत कुठलंही असो, जळतं.

दिवसा ऊन चांगलंच लागतं, पहाटे स्वेटर लागतो, आणि तंबूला आतून दव धरतं. कोल्हापुरी चपला घालून मिरवायचा मोह होईल. ओल्या गवतात दोन दिवसांत कातडं पिठासारखं मऊ होतं. रबरी सँडल न्या. ओडोमॉस न्या. कानात घालायचे बोळे न्या, कारण सकाळी सहाला कुणीतरी दुसऱ्या महायुद्धातलं इंजिन सुरू करतं आणि सगळा माळ आनंदानं उठून बसतो. अंघोळीची सोय आहे, पण सकाळी रांग. दुपारी सगळे कसरती बघत असताना उरकून घ्या. बुधवारी आणि शनिवारी रात्रीचाही कार्यक्रम असतो, त्या दिवशी दुपारी पडून घ्या. गर्दीत मोबाईल चालेलच असं नाही. “तपकिरी कमान” ही तिथली सगळ्यांना माहीत असलेली खूण आहे, चुकामूक झाली तर अमुक वाजता कमानीखाली, असं ठरवून ठेवा. खाण्यासाठी पोह्याचं-उपम्याचं तयार पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी बंद पाकिटातून नेता येईल. विमानतळावर कस्टमला खाद्यपदार्थ आहेत असं सांगायचं, लपवायचं नाही, आणि मटणाचं काही नको, सुकंसुद्धा. वहिनींना गोंगाटाचा कंटाळा आला तर तलावाकाठी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ आहे, झाडीत, शांत. तिथं त्या दिवसभर रमतील.

फेट्याचं लिहिलंत. विमानात फेटा नको, हेडसेट बसत नाही. उतरल्यावर इंजिन बंद, प्रोपेलर पूर्ण थांबलेला, दोर बांधून झालेले, मग बांधा. तेही पार्किंगच्या रांगेपासून बाजूला, कारण शेजारचं विमान इंजिन सुरू करत असेल तर वाऱ्यावर सुटलेलं आठ-नऊ मीटर कापड आत ओढलं जायला वेळ लागत नाही. आणि फेटे दोन न्या. गाडीनं आलेल्या आईला बांधायला दुसरा.

ज्यांची लेक पायलट नाही, त्यांच्यासाठी: बंगळूरला येलहंकाच्या हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून भरणारं एअरो इंडिया आपल्या हायवेनं गाठता येतं. एक वर्षाआड, विषम सालच्या फेब्रुवारीत. तिथं स्वतःचं विमान घेऊन जायची आणि तंबू टाकायची भानगड नाही. सर्वसामान्यांना आत सोडायचे दिवस वेगळे असतात. २०२५ साली ते शेवटचे दोन होते. तिकीट आधी ऑनलाईन काढूनच निघायचं. टोपी आणि पाणी न्या, सावली शोधूनही सापडत नाही.

तुमच्यासाठी लगेच करायची कामं तीन. पहिलं, दोघांचे पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा. मुंबईत बीकेसीला मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात, आणि तारीख नसताना जुलैचं काही ठरवण्यात अर्थ नाही. दुसरं, प्रवास विम्याची पॉलिसी घेताना बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ पॉलिसींत तिकीट काढून नेहमीच्या प्रवासी विमानात बसलात तरच भरपाई असते, खासगी छोट्या विमानातला प्रवास त्यातून वगळलेला असतो. एजंटला तोंडी विचारू नका, लेखी उत्तर घ्या. तिसरं, लेकीला वजनं कळवायची आहेत, कपड्या-बुटांसकट, खरी. शॉपवर काटा आहेच. आधी तुम्ही उभे राहा आणि आकडा वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांचा आकडा त्यांनी थेट लेकीला कळवला तरी चालेल.